बोटात काटा मोडला, पू का झाला?

प्रश्न : बोटात बाभळीचा काटा मोडला. दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम होऊन ठणकू लागलं, मग पू झाला. हा पू कशाचा? पिळून काढावा का?

उत्तर : पू म्हणजे मुख्यतः तुमच्याच मेलेल्या पांढऱ्या पेशी. काट्यासोबत जिवाणू आत शिरले की त्वचेखाली ठाण मांडून बसलेल्या महाभक्षी पेशी (जिवाणू गिळणाऱ्या पहारेकरी पेशी) त्यांच्या आवरणावरची ठरावीक रेणूरचना हेरतात. त्यासाठी जिवाणूशी आधी गाठ पडलेली असावी लागत नाही. त्या रसायनं सोडतात, तशा बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो, म्हणून सूज. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पोचतात, जिवाणू गिळून मारतात आणि स्वतःही मरतात. १८८२ मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत असाच पेशींचा घोळका पाहिला. तिथेही टोचला होता काटाच!

पिळू मात्र नका; दाबाने जिवाणू खोलवर ढकलले जातात. आत राहिलेला तुकडा जिवाणूंना आडोसा देतो आणि पू पुन्हा पुन्हा होतो, म्हणून तो डॉक्टरांकडून काढून घ्या. हातावर लाल रेघ वर सरकू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील, तर तेही विचारा.