वाचकांचे प्रश्न : पहाटेची स्वप्ने आणि रात्रीची धास्ती

झोपेविषयीच्या आमच्या मागील उत्तरांनंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांत ‘या स्वप्नाचा अर्थ काय’ असे विचारले होते. स्वप्नात साप दिसणे, दात पडणे किंवा गाडी चुकणे यांचा अर्थ मी सांगू शकत नाही, कारण मनोविकारशास्त्राकडे तसा कोणताही कोश नाही. म्हणून ज्यांच्या झोपेवर, मनावर किंवा दिवसभराच्या व्यवहारावर स्वप्नांचा परिणाम होत आहे, अशांची पत्रे येथे निवडली आहेत. लेखकांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : पहाटेचे स्वप्न खरे होते, असे माझी आजी सांगत असे. मी आता ७१ वर्षांचा आहे आणि मलाही स्वप्ने आठवतात ती पहाटेचीच. गेल्या महिन्यात पहाटे थोरल्या भावाच्या निधनाचे स्वप्न पडले. तेव्हापासून रोज सकाळी त्याला फोन केल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. या समजुतीला काही आधार आहे का? (सातारा)

उत्तर : आजींचे निरीक्षण अर्धे बरोबर होते. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ विद्युतअग्रे लावून रात्रभर नोंदी घेतल्या, तेव्हा गाढ झोपेतही मधूनमधून त्याची बुबुळे पापण्यांखाली वेगाने हलत असल्याचे त्याला आढळले. त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नथानिएल क्लाइटमन यांनी हे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. झोपेच्या या अवस्थेला आपण ‘रेम’ झोप म्हणतो. या अवस्थेतून माणसाला उठवले तर दहापैकी सुमारे आठ वेळा तो स्वप्न सांगतो, असे १९५७ मधील प्रयोगांत दिसले. इतर झोपेतही स्वप्ने पडतात हे पुढे स्पष्ट झाले, पण दीर्घ, चित्रमय आणि कथानक असलेली स्वप्ने मुख्यतः रेम झोपेतली असतात.

झोपेचे चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि प्रत्येक चक्रात रेमचा वाटा वाढत जातो. पहिल्या प्रहरी जेमतेम काही मिनिटे टिकणारी ही अवस्था पहाटे अर्धा तासही चालते, आणि तिच्यातून आपण थेट जागे झालो तर स्वप्न हाती लागते. मध्यरात्रीची स्वप्ने त्यानंतरच्या गाढ झोपेत पुसली जातात. पहाटेचे स्वप्न ठळक असते, लक्षात राहते आणि म्हणून ते पडताळून पाहिले जाते. त्यातले एखादे जुळले की ते घरोघर पोहोचते, न जुळलेली हजारो स्वप्ने मात्र कोणी कोणाला सांगत नाही. वयोवृद्ध भावाची काळजी तुमच्या मनात आधीपासून असणार, आणि ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण येथे कोणत्याही भाकितापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. भावाला फोन जरूर करावा, पण चहा झाल्यावर.

प्रश्न : आमचे घर नदीकाठच्या भागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सासूबाईंना घेऊन आम्ही दोन रात्री वरच्या मजल्यावर अडकलो होतो. सर्वजण सुखरूप बाहेर पडलो, तरी आजही पाऊस वाढला आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्या रात्री तेच स्वप्न पडते. जिन्याची एकेक पायरी पाण्याखाली जाते, मी सासूबाईंचा हात धरलेला असतो आणि तो निसटतो. मी ओरडत उठते. पावसाळ्यात आठवड्यातून तीन-चार रात्री हे घडते; त्यामुळे मी मुद्दाम उशिरापर्यंत जागत बसते. मी शाळेत शिकवते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चिडचिड होते. घरचे म्हणतात की आता पुष्कळ वर्षे झाली, विसरून जा. (सांगली)

उत्तर : विसरणे हे इच्छेवर अवलंबून असते तर तुम्ही ते केव्हाच केले असते, हे प्रथम घरच्यांना वाचून दाखवावे. पत्रातील एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो: प्रत्यक्षात सासूबाईंचा हात निसटला नव्हता. जे घडले नाही, पण घडू शकले असते, ते तुमचे मन वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहत आहे.

सामान्यतः स्वप्ने असे करीत नाहीत. दिवसभरातील प्रसंगाचा एखादा तुकडा ती उचलतात, त्यात जुने घर, शाळेतली मैत्रीण, भलतेच गाव मिसळतात आणि मूळ प्रसंग ओळखू येईनासा करतात. शिकागोमधील रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटामुळे नैराश्य आलेल्या व्यक्तींची स्वप्ने अभ्यासली. ज्यांच्या स्वप्नांत पूर्वीचा जोडीदार भावनांसह आणि जुन्या आठवणींत मिसळून येत होता, त्या व्यक्ती पुढे अधिक प्रमाणात सावरल्या, असे त्यांना आढळले. त्यांचे नमुने लहान होते, त्यामुळे यावरून सिद्धान्त मांडताना सावध राहिले पाहिजे. तरी मेंदूच्या रसायनशास्त्रातून त्याला दुजोरा देणारी एक गोष्ट पुढे आली आहे: तणावाच्या वेळी वाढणारे नॉरॲड्रेनलिन मेंदूत रेम झोपेच्या काळात जवळजवळ थांबते. याचा अर्थ त्रासदायक आठवण उघडली जाते, पण तिच्यासोबतची धडधड त्या वेळी उपस्थित नसते. अशा अनेक रात्रींनंतर आठवण उरते आणि तिची धार बोथट होते, अशी मांडणी काही शास्त्रज्ञ करतात. मोठ्या आघातानंतर हे काम अर्धवट राहते. भीतीने झोप मधेच मोडते, प्रसंग मिसळण्याऐवजी जसाच्या तसा परत येतो, आणि तुम्ही टाळण्यासाठी जागत बसलात की पुढची झोप आणखी विस्कळीत होते.

यावर उपाय आहे आणि तो आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. दिवसा, उजेडात, स्वप्न थोडक्यात लिहून काढायचे. मग त्यात हवा तसा बदल करून नवे स्वप्न लिहायचे आणि रोज दहा ते वीस मिनिटे फक्त ते नवे स्वप्न डोळे मिटून मनात पाहायचे. जुने उगाळायचे नाही. बॅरी क्रॅको यांच्या गटाने २००१ मध्ये न्यू मेक्सिकोतील लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर केलेला या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला; केवळ तीन बैठकांनंतर दुःस्वप्ने घटली, झोप सुधारली आणि आघाताची दिवसाची लक्षणेही कमी झाली. बदल वास्तवाला धरून असावा असे मुळीच नाही. जिन्याची पायरी पाण्यावर तरंगू लागावी, सासूबाईंनीच तुमचा हात धरून तुम्हाला गच्चीवर न्यावे, किंवा पाणी उतरून अंगणात पुन्हा रांगोळी दिसावी. जे तुम्हाला सुचेल तेच योग्य. माझा अनुभव असा की ‘पूर आलाच नाही’ असे लिहिणाऱ्यांपेक्षा पुरातच काहीतरी करणाऱ्यांना अधिक लाभ होतो, पण हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

तुमचे स्वप्न तीव्र असल्याने सुरुवात मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करावी. दिवसाही पुराची दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील, नदीकडील रस्ता टाळला जात असेल, लहानशा आवाजाने दचकायला होत असेल, तर हा आघातोत्तर तणावाचा विकार असू शकतो आणि त्याचे वेगळे उपचार आहेत. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध दुःस्वप्नांसाठी दिले जाते. आरंभीच्या चाचण्यांनी मोठी आशा दाखवली, मात्र २०१८ मध्ये माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्यामुळे मी ते पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही. एक सूचना मात्र ताबडतोबीची आहे. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तसा विचार एकदाही मनात आला, तर पुढच्या अंकाची वाट न पाहता ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा, ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : माझे यजमान ६६ वर्षांचे असून स्वभावाने अतिशय शांत आहेत. गेली दोन वर्षे ते झोपेत मोठ्याने शिव्या देतात, हातपाय झाडतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मला जोरात लाथ मारली आणि स्वतः पलंगावरून पडले. जागे केल्यावर ‘कुत्रा अंगावर आला होता, त्याला हाकलत होतो’ असे म्हणाले. जाऊबाई बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. मानसिक आजार असेल का? (नाशिक)

उत्तर : हा बहुधा मानसिक आजार नाही आणि बाधाही नाही. रेम झोपेत मेंदू जागेपणाइतकाच सक्रिय असतो, पण मेंदूच्या देठातील एक यंत्रणा श्वास आणि डोळ्यांचे स्नायू वगळता बहुतेक स्नायू शिथिल करून ठेवते. स्वप्नात आपण धावतो आणि देह अंथरुणावर पडून राहतो तो यामुळेच. फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झुव्हे यांनी १९६०च्या दशकात मांजरांमधील ही यंत्रणा निकामी केली, तेव्हा गाढ झोपलेली मांजरे उठून अदृश्य भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांतील असाच विकार मिनिआपोलिस येथील कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये वर्णिला. तो पन्नाशीनंतरच्या पुरुषांत अधिक आढळतो. स्वभावाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून शांत माणूसही झोपेत लाथ मारतो.

पुढचे लिहावे की नाही, यावर मी विचार केला, पण ते दडवणे योग्य नाही. तपासणीत हा विकार निश्चित झालेल्या १,२८० रुग्णांची अनेक देशांतील २४ केंद्रांनी पाहणी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १२ वर्षांच्या शेवटी सुमारे ७३ टक्के रुग्णांत पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा मेंदूविकार दिसण्याची शक्यता आढळली. मात्र यजमानांना हाच विकार आहे, हे अजून ठरलेले नाही. घोरण्यासोबत श्वास अडकण्याच्या आजारातही असेच हातपाय झाडले जातात आणि त्याचा उपचार निराळा व परिणामकारक आहे. नैराश्यावरील काही गोळ्यांमुळेही असे घडते. त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून चित्रीकरणासह रात्रभराची झोपतपासणी करून घ्यावी. वास कमी येणे, जुनाट बद्धकोष्ठ किंवा हालचालींतील मंदपणा जाणवत असेल तर आवर्जून सांगावे. निदान पक्के झाल्यास मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपामने झटापट बरीच आटोक्यात येते.

तोपर्यंत गादी जमिनीवर घालावी, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवाव्यात आणि आपण काही दिवस वेगळ्या अंथरुणावर झोपावे. अंगाऱ्याने अपाय होत नाही, पण त्यामुळे दोन वर्षे गेली.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्या बरे वाटू लागल्याने मी स्वतःच बंद केल्या. आठवड्याभरात इतकी लांबलचक आणि भयंकर स्वप्ने पडू लागली की आजार उलटला असे वाटते. (पुणे)

उत्तर : आजार उलटला असेलच असे नाही. या गटातील बहुतेक औषधे रेम झोप कमी करतात. ती एकदम थांबवली की दाबलेली रेम झोप उसळी मारून परतते आणि स्वप्ने घनदाट होतात. रोज मद्य घेणाऱ्याने ते अचानक सोडले तरी हेच होते. गोळ्या स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. ज्यांनी दिल्या त्यांना याच आठवड्यात भेटा. त्या हळूहळू कमी करण्याची पद्धत असते.

प्रश्न : आईला जाऊन सात महिने झाले. ती स्वप्नात येते, दारात उभी राहते आणि ‘भूक लागली’ म्हणते. नातेवाईक म्हणतात की तिची इच्छा अपुरी राहिली आहे, शांती करावी. खर्च मोठा आहे. स्वप्नानंतर मी दिवसभर रडते. (डोंबिवली)

उत्तर : गेलेली माणसे स्वप्नात येणे हे शोकाचे अगदी नेहमीचे रूप आहे, आणि अनेकांना त्यातून दिलासाही मिळतो. आईला भूक लागलेली दिसते, यामागे मला तुमचीच एखादी रुखरुख असावीसे वाटते; शेवटच्या दिवसांत त्यांचे खाणे सुटले होते का? तसे असेल तर आजाराच्या अखेरीस अन्नावरची वासना जाते आणि तेव्हा आग्रहाने भरवणे हिताचेही नसते, हे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एकदा ऐकून घ्यावे. धार्मिक विधीने मन हलके होत असेल तर तो परवडेल इतकाच करावा, कर्ज काढून नव्हे. आईच्या आवडीचा एखादा पदार्थ करून तो कोणा भुकेल्याला दिलात तरी चालेल. मात्र रडणे ओसरण्याऐवजी वाढत असेल, घरातील कामे, नोकरी, माणसांशी बोलणे थांबले असेल, तर प्रत्यक्ष भेटीची वेळ घ्यावी आणि येताना त्या स्वप्नांबरोबर आईविषयीही बोलायच्या तयारीने यावे.