इंग्रजीत 'च' नाही, ते काम आघात करतो

प्रश्न असा आहे : व्याकरण पक्के, शब्दसंग्रह चांगला, तरी फोनवर परदेशी ग्राहक पुन्हा पुन्हा "पार्डन?" म्हणतो, मग अमेरिकी ॲक्सेंट शिकावा का? माझे मत स्पष्ट आहे. ॲक्सेंट आहे तसा राहू द्या, आधी आघात, म्हणजे बोलताना जोर कुठे द्यायचा ते, सुधारा.

मराठीत शब्दातल्या कुठल्या सिलेबलवर (एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) जोर दिला याने अर्थ बदलत नाही, आणि आपण सगळी सिलेबल्स जवळपास सारखीच स्पष्ट उच्चारतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र शब्द ओळखायला आघाताचा मोठा आधार असतो. 'डेव्हलप'मध्ये आपण 'डे'वर जोर देतो; त्याच्या कानात तो शब्द 'डि-व्हे-लप' असतो, जोर मधल्यावर. 'सर्टिफिकेट'मध्ये दुसऱ्यावर, 'कॅटेगरी'त पहिल्यावर, 'इंजिनिअर'मध्ये शेवटी. एक नियम खूप कामाचा आहे : शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' आले की आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलेबलवर. 'फोटोग्राफ'मध्ये 'फो'वर असलेला जोर 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर जातो तो त्यामुळेच. 'पॉलिटिक्स'सारखे अपवाद थोडे आहेत. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या कोशात उच्चार बघताना वरची छोटी उभी रेघ आघाताच्या सिलेबलच्या आधी असते. बरेच जण ती नंतरची समजतात आणि चूकच घोटून पाठ करतात.

आघात म्हणजे ओरडणे नव्हे. ते सिलेबल लांबवायचे, सूर किंचित वर न्यायचा आणि बाकीचे आखडायचे. हे आखडणेच आपल्याला जड जाते. 'बनाना'त मधला 'ना' लांब; आधीचा 'ब' आणि शेवटचा 'ना' यांचे स्वर आखडून आपल्या 'अ'सारखे होतात. वाक्यातही तेच : नाम, मुख्य क्रियापद, विशेषण, नकार ठळक, 'टू', 'ऑफ', 'द', 'कॅन' दबलेले. 'आय कॅन कम'मध्ये 'कॅन' ठासून म्हणालात तर समोरच्याला 'कान्ट' किंवा 'कॅन्ट' ऐकू येऊ शकते, म्हणजे नेमके उलट. 'आय कन कम' म्हणा, जोर 'कम'वर.

आता सगळ्यात महत्त्वाचे. भर द्यायला आपल्याकडे 'च' आहे. इंग्रजीत तो नाही, म्हणून आपण 'आय टोल्ड हिम यस्टरडे ओन्ली' म्हणतो. 'आय गेव्ह हिम द की' हे वाक्य घ्या. 'आय'वर आघात : मीच दिली. 'हिम'वर : त्यालाच दिली. कशावरच खास भर नसेल तर मुख्य आघात शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर, म्हणजे 'की'वर पडतो. म्हणून 'किल्लीच' म्हणायचे असेल तर तिथे सूर जास्त उंच नेऊन उतरवावा लागतो. बोलण्याआधी मनात वाक्य मराठीत आणा, 'च' कुठे लागतो ते बघा, आघात तिथेच.

सुरावटीचे थोडक्यात : 'व्हेअर', 'व्हाय'ने सुरू होणाऱ्या साध्या प्रश्नाचा सूर शेवटी उतरतो, हो-नाही उत्तराच्या प्रश्नाचा बहुधा चढतो. 'यू सेंट इट, डिडन्ट यू?' यात शेवट चढला तर खरोखर विचारणे, उतरला तर फक्त दुजोरा मागणे.

सरावासाठी २० ते ३० सेकंदांचा तुकडा पुरे, सोबत त्याचा लिखित मजकूर हवा. बातम्या नकोत, वृत्तनिवेदकाची लय वेगळी असते, मुलाखत घ्या. मजकुरात ठळक शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. पहिल्या दोन-तीन वेळा शब्द न उच्चारता नुसता सूर गुणगुणा, मग रेघेच्या शब्दांवर टेबलावर टिचकी मारत बोला. 'बॉइज ड्रिंक टी' आणि 'द बॉइज आर ड्रिंकिंग द टी' दोन्हींत टिचक्या तीनच. मोजून पाहिले तर दोन्हींना लागणारा वेळ तंतोतंत सारखा निघणार नाही, पण ठोका जाणवला की झाले. शेवटी स्वतःचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करून मूळ तुकड्याशी एकेक वाक्य ताडून बघा. पहिल्या आठवड्यात फक्त आघात तपासा, सुरावट त्यानंतर.