माया लोकांच्या 'स्टेला'ला मराठीत वीरगळ म्हणावं का?

प्रश्न असा की मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या राजांच्या कोरीव दगडांना, म्हणजे स्टेलांना, मराठीत वीरगळ म्हटलं तर चालेल का, की शिलालेख बरा? माझ्या मते दोन्ही नको, वीरगळ तर अजिबात नको. वीरगळ असतो लढाईत पडलेल्या माणसाचा, खाली झुंज, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. माया स्टेला बहुतेक वेळा राजा जिवंत असतानाच स्वतःच्या उभ्या करायचा, आणि निमित्त असायचं कालगणनेचं, कातून म्हणजे ७२०० दिवस पूर्ण झाले की विधी करायचा आणि दगड उभारायचा.

ग्वाटेमालातल्या किरिग्वा या माया नगरीची स्टेला ई बघा, दहा मीटरच्या वर लांबीचा एकसंध वालुकाश्म, सन ७७१ चा. तो उभा करणाऱ्या राजाने ७३८ मध्ये कोपान या शेजारच्या माया नगरीच्या बलाढ्य राजाला पकडून त्याचा शिरच्छेद केला होता, आणि स्टेला उभारल्यावरही तो ७८५ पर्यंत जगला. आता हिला वीरगळ कसं म्हणणार? ही जिंकलेल्याची शिळा आहे, तीही त्याच्या हयातीतली!

शिलालेख म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे नुसती अक्षरं येतात, इथे तर राजाची मूर्ती मुख्य, मजकूर बहुतेकदा बाजूंना नि मागे. अर्थात मजकूर कमी महत्त्वाचा नाही, १९६० मध्ये माया संस्कृतीच्या अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकोफ यांनी पिएद्रास नेग्रास या माया नगरीच्या स्टेलांवरच्या तारखा जुळवून दाखवलं की हे राजांच्या जन्माचे, राज्यारोहणाचे हिशोब आहेत, त्याआधी अनेक अभ्यासकांना हे सगळं पंचांग आणि देवादिकांचंच वाटायचं. मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते, शेकडो वर्षं मुके वाटणारे दगड एकदम माणसांबद्दल बोलायला लागले.

स्तंभ पण नको, कारण बऱ्याचशा स्टेला चपट्या फरशीसारख्या आहेत (कोपानच्या मात्र जवळजवळ पूर्ण मूर्तीच). माया भाषेत यांना लकम तून म्हणत, तून म्हणजे दगड, लकम म्हणजे मोठा किंवा ध्वज. म्हणून पहिल्यांदा 'कोरीव राजशिळा (स्टेला)' लिहा, पुढे नुसतं स्टेला. आणि लिंग स्त्रीलिंगीच ठेवा, शिळासारखं चालवा, म्हणजे ती स्टेला, त्या स्टेला, स्टेलेवर, स्टेलांवर. 'स्टेले' असं अनेकवचन काहीजण लिहितात ते कानाला खटकतं.