‘तिला अ‍ॅटिट्यूड आहे’ आणि ‘तिचा अ‍ॅटिट्यूड चांगला आहे’

प्रश्न असा आहे: कारखान्यातला वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म मराठीत करायचाय. त्यातल्या अ‍ॅटिट्यूड, पर्सनॅलिटी आणि परसेप्शन या रकान्यांना काय म्हणावं? तिन्हींचं काम एकट्या ‘स्वभाव’वर भागेल का?

नाही भागणार. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अभिवृत्ती, व्यक्तिमत्त्व आणि संवेदन हे शब्द रुळलेत. पण शॉप फ्लोअरवर ‘अभिवृत्ती’ म्हटलं तर लोक तोंडाकडे बघत राहतील, आणि ‘संवेदन’ म्हटलं तर एखाद्याला बधिर झालेलं बोट आठवेल.

अ‍ॅटिट्यूडची गंमत विभक्तीत आहे. ‘तिला फार अ‍ॅटिट्यूड आहे’ म्हटलं की अर्थ होतो ताठा, शिष्टपणा. ‘तिचा अ‍ॅटिट्यूड चांगला आहे’ म्हटलं की वृत्ती. ‘ला’ लागला की तो शब्द ताप, गर्व आणि माज यांच्या पंगतीत जाऊन बसतो. उसना शब्दही आपल्या व्याकरणाने असा वळवून घेतलाय! फॉर्मवर मात्र हा घोळ नको. तिथे सरळ ‘वृत्ती’ किंवा ‘कामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ लिहा.

‘स्वभाव’ मी मुद्दाम टाळतो. स्वभावाला औषध नाही, असं आपणच म्हणतो. मग ‘स्वभाव : तापट’ एवढं वाचून त्या माणसाने पुढच्या वर्षी काय सुधारायचं? त्यापेक्षा ‘पाळी संपताना मशीनची अडचण पुढच्या ऑपरेटरला सांगत नाही’ असं लिहिलंत, तर त्याला ते उद्यापासून बदलता येईल.

परसेप्शनला आपल्याकडे नेमका शब्द आहे : ग्रह. ‘माझ्याबद्दल साहेबांचा ग्रह झालाय’ हे वाक्य कुठल्याही कँटीनमध्ये ऐकू येतं. संस्कृत ‘ग्रह्’ म्हणजे घेणं, पकडणं. परसेप्शनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही तोच. (साहेबांचे ग्रह फिरणं हा वेगळा विषय.) ग्रह नेहमी कोणाचा तरी कोणाबद्दल तरी असतो, म्हणजे तो बघणाऱ्याच्या खात्यात जातो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण देताना एकाच एकूण मताच्या ओघात जात. एकात वर, तो सगळ्यांत वर. ‘ग्रह होणे’ म्हणजे हेच. त्यामुळे कर्मचाऱ्याच्या गुणांमध्ये हा रकाना बसतच नाही. ठेवायचाच असेल तर ‘सहकाऱ्यांचं मत’ म्हणा, आणि मत कोणाचं तेही लिहा.

पर्सनॅलिटीसाठी ‘व्यक्तिमत्त्व’ उत्तम. फक्त छापताना जोडाक्षर बघा : व्यक्तिमत् अधिक त्व, म्हणून ‘महत्त्व’सारखे दोन त. ‘व्यक्तिमत्व’ चूक.