बजी स्मगलर्स म्हणजे काय हो?

प्रश्न: मुलाकडे सिडनीला आलेय. रविवारी सगळे बीचवर निघालो तर सूनबाई मुलाला म्हणाली, "आईंसमोर बजी स्मगलर्स नको हं, शॉर्ट्स घाल" आणि दोघं हसत सुटले. स्मगलिंगचा काय संबंध? शब्द वाईट आहे का, विचारायला संकोच वाटला.
– एक आजी, मूळ गाव नाशिक

उत्तर: आजी, संकोच नको, शब्द चावट आहे पण घाण नाही. बजी म्हणजे बजरिगर, आपल्याकडे पिंजऱ्यात जोडीने लव्हबर्ड म्हणून विकतात ना तोच इवलासा पोपट, मूळचा ऑस्ट्रेलियाचाच, आणि त्याचं नावसुद्धा तिथल्या आदिवासींच्या गमिलराय भाषेतून आलंय. जेमतेम १८ सेंटीमीटर लांबीचा जीव. आता पुरुषांची पोहायची ती तोकडी चड्डी आठवा, अंगाला चापून बसणारी, ती ओली झाली की पुढे जो फुगवटा दिसतो त्यावरून म्हणतात की गडी चड्डीत बजी लपवून पळवतोय! तोच स्मगलर. मग चड्डीलाच ते नाव पडलं.

शब्द फार जुना नाही बरं का, १९९० च्या दशकाच्या शेवटी छापून यायला लागला आणि २०१६ ला ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत गेला. गाजवला मात्र टोनी अ‍ॅबट यांनी, ते बीचवर बुडणाऱ्यांना वाचवणारे स्वयंसेवक, लाल चड्डी आणि डोक्याला लाल-पिवळी टोपी असे त्यांचे फोटो सगळीकडे, आणि २०१३ ला तेच पंतप्रधान झाले, मग काय, व्यंगचित्रकारांनी ती चड्डी सोडलीच नाही. २०१६ मध्येच मलेशियात कार रेसच्या वेळी नऊ ऑस्ट्रेलियन पोरं मलेशियाच्या झेंड्याच्या असल्या चड्ड्या घालून नाचली आणि चार दिवस कोठडीत बसली. तिकडच्या लोकांना झेंड्याचा अपमान वाटला, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबरच होतं.

मी तिथे सहा वर्षं होते. नवऱ्याला, भावाला, मित्राला हा शब्द सगळे बिनधास्त म्हणतात, तुमच्या सूनबाईंनी म्हटलं तसंच, मायेने चिडवायला. अनोळखी माणसाला त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं, अंगावर शेरा मारल्यासारखं होतं ते. बायकांच्या कपड्यांना हा शब्द लागतच नाही.

आणि दुकानात पोहायचे कपडे घ्यायला गेलात तर सिडनीत साधं स्विमर्स म्हणा किंवा कॉझी. मेलबर्नला बेदर्स म्हणतात, ब्रिस्बेनला टॉग्ज.