भंडारदऱ्याचा फेरा: खडी, मुरूम आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी भंडारदऱ्याच्या तलावाला सायकलवर फेरा मारल्याचं चार ओळीत लिहिलं काय, पत्रांचा ढीगच पडला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण बरेच प्रश्न एकाच वळणाचे आहेत म्हणून त्यातले काही निवडलेत.

ताई, मी पुण्यात राहतो, माझ्याकडे साधी हायब्रिड सायकल आहे. भंडारदऱ्याला जायचं तर ग्रॅव्हल बाईक घ्यावी लागेल का? बजेट ताणून लाखभर जमतील.

लाख रुपये आधी परत बँकेत ठेवा. ग्रॅव्हल बाईक म्हणजे रेसिंग सायकलसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड, चाकाला फ्रेममध्ये जागा जास्त आणि चढासाठी हलके गिअर. हा प्रकार अमेरिकेत वाढला, तिकडे कॅन्सासमध्ये शेतातून जाणारे मैलोन्मैल खडीचे रस्ते आहेत आणि तिथली एम्पोरियाची 200 मैलांची रेस 2006 पासून चालू आहे. आपल्याकडे असा मुद्दाम राखलेला खडीचा रस्ता क्वचितच सापडतो, आपल्याकडे असतं ते उखडलेलं डांबर, मग शंभर मीटर मुरूम, मग कुणीतरी नुकतीच पसरलेली मोठी खडी, मग अचानक गुळगुळीत नवा रस्ता की तुम्हाला वाटावं आता सुटलो, आणि वळणापलीकडे परत तेच. त्यामुळे सायकलपेक्षा टायर महत्त्वाचा. तुमच्या हायब्रिडला 700 बाय 35 चे टायर असतील (700 हे चाकाचं माप, 35 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये) तर फ्रेममध्ये मावतात का बघून 40 किंवा 42 चे टाका, आणि हवा कमी ठेवा. हवेचं बहुतेकांना पटत नाही, दगडासारखं टणक चाक म्हणजे जोरात पळणार असं डोक्यात बसलेलं असतं. खडीवर उलटं होतं, टणक चाक प्रत्येक दगडावरून उडतं आणि तुमची ताकद त्या उडण्यात जाते. सत्तर किलोच्या माणसाला 40 च्या टायरमध्ये 40 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास ठीक, ट्यूबलेस असेल तर अजून थोडी कमी चालते. ट्यूब असेल तर फार कमी करू नका, दगडावर आपटून रिममध्ये चिमटली की सापानं चावल्यासारखी दोन भोकं पडतात. जुनी 29 इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, पडून असेल तर तीपण चालेल, तिचं रिम आणि तुमच्या हायब्रिडचं 700 चं रिम एकाच मापाचं असतं, 622 मिलिमीटर.

नाशिकहून लिहितेय. वय 56, रोज 20 किमी चालवते, घाट मात्र फार केले नाहीत. पूर्ण फेरा एका दिवसात जमेल का? आणि कुठल्या बाजूने सुरुवात करू?

जमेल, नक्की जमेल. (काकू लिहिणार होते, पण मलाच कुणी काकू म्हटलेलं अजून झेपत नाही.) पूर्ण फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे, आकडा ऐकून सोपा वाटतो पण दिवसभर धरून चाला. शेंडी गावातून निघायचं. माझं मत, आधी दक्षिण काठ घ्या, म्हणजे मुतखेल करत रतनवाडी, मग साम्रद, मग घाटघर, आणि परत उत्तर काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत करत शेंडी. असं केलं की सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीवर आणि दुपारी पूर्वेला परत येताना पण ऊन पाठीवर. शिवाय रतनवाडी ते साम्रद हा जंगलातला चढाचा तुकडा पाय ताजे असताना उरकतो. मी पहिल्यांदा उलटी गेले होते, तो तुकडा दुपारी अडीचला उतारावर आला तेव्हा हात इतके थकलेले की ब्रेक धरवत नव्हते. उतार म्हणजे आराम हे डांबरावर, सुट्ट्या खडीवर उतारच जास्त घाम काढतो.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात थांबा, शिलाहारांच्या काळातलं आहे, बाजूला पुष्करणी आहे, आणि डोक्यावर रतनगड. ज्या प्रवरेचं पाणी अडवून हा तलाव झाला ती त्याच गडाच्या अंगावरून निघते. धरणाचं काम 1910 मध्ये सुरू होऊन 1926 ला पूर्ण झालं, म्हणजे तुम्ही ज्या पाण्याभोवती फिरणार ते शंभर वर्षांचं आहे. घाटघरला कोकणकड्यावर जेवा. तिथं आणखी एक छोटं धरण दिसेल, ते 250 मेगावॅटच्या वीज प्रकल्पाचं, विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली कोकणात सोडून वीज काढतात आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. आपण एकदा चढलो तरी धापा टाकतो, ते पाणी रोज चढतंय.

गिअरचं एक बघून घ्या, पुढची छोटी चकती आणि मागची मोठी चकती यांचे दात साधारण सारखे असले पाहिजेत. पुढे 46 आणि मागे 28 असलं काही असेल तर बऱ्याच ठिकाणी ढकलावी लागेल, त्यात लाज काही नाही, मीपण ढकलते.

ताई, एप्रिल-मे मध्ये तलावाचं पाणी उतरतं तेव्हा तळातूनच सायकल काढली तर रस्ता वाचेल आणि खरी ऑफरोड मजा येईल असं आमच्या ग्रुपचं म्हणणं आहे.

ग्रुपला माझ्याकडून हात जोडून सांगा. मी हे केलंय. वरून भेगा पडलेली माती, पापडासारखी कडक, वीस-तीस मीटर मस्त गेले आणि मग पुढचं चाक पापड फोडून आत. खाली काळा गाळ. सायकल काढायला गुरं राखणारी दोन पोरं आली, बूट एकच परत मिळाला. ती पोरं अनवाणी त्याच गाळाच्या कडेने आरामात फिरत होती कारण त्यांना माहीत होतं कुठे पाय टाकायचा. तो उद्योग नको.

दुसरं म्हणजे हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रस्त्यावर सायकल चालवायला अडचण नाही, नाक्यावर वनखात्याची पावती करायची आणि निघायचं, पण दिसली पायवाट की घुसलो असं करायचं नाही. त्या वाटा लोकांच्या शेताच्या, गुरांच्या, हिरडा गोळा करायला जायच्या आहेत आणि उरलेल्या जनावरांच्या. सांदण दरीत सायकल नेता येईल का असं पण एकाने विचारलंय. दादा, सांदण म्हणजे खडकातली खोल चीर आहे, आत माणूस हातपाय टेकत उतरतो. सायकल साम्रदमध्ये कुणाच्या तरी अंगणात विचारून लावा.

कोणत्या महिन्यात जाऊ? पावसाळ्यात फोटो भारी येतात.

फोटो येतात, ब्रेक पॅड परत येत नाहीत. घाटघर-रतनवाडीचा पाऊस राज्यात सगळ्यात जास्त पडणाऱ्यांपैकी, धुकं असं की समोरची गाडी अंगावर आल्यावर दिसते, आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात चांगलं, तलाव भरलेला, भातकापणी झालेली किंवा चाललेली, मुरूम दबून बसलेला. फेब्रुवारीनंतर धूळ उडते, साखळीला घट्ट तेल लावलंत तर त्याची धुळीत पेस्ट होते, तेव्हा पातळ तेल लावा आणि पुसून काढा.

काजवे बघायला रात्री सायकलने गेलं तर चालेल ना? गाड्यांचा धूर-आवाज तरी नाही.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात आणि तेव्हा वनखात्याचे वेगळे नियम असतात, ते आधी विचारा. सायकल बरी हे बरोबर, पण अंधारात खडीवर चालवायला तुम्ही लाइट लावणार, आणि हल्लीचे सायकलचे लाइट मोटरसायकलला लाजवतात. काजव्याचं सगळं प्रेमप्रकरणच उजेडाच्या खुणांवर चालतं हो, त्यात तुम्ही टॉर्च मारणार. शिवाय तिन्हीसांजेनंतर बिबट्याचा भाग. सायकल मुक्कामी ठेवा आणि गावातल्या माणसाबरोबर चालत जा.

जेवणाचं, पाण्याचं काय? आणि कुत्री?

रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावात घरगुती जेवण मिळतं पण आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर, अचानक दहा जण जाऊन उभे राहिलात तर त्या बाईने भाकऱ्या कधी थापायच्या? पाणी दोन बाटल्या, एक जास्तीची ट्यूब, पंप, आणि रोख पैसे, मोबाईलला रेंज नसते तिथे क्यूआर कोडचा उपयोग नाही.

कुत्र्यांसाठी थांबायचं, उतरायचं, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरायची आणि चालत पुढे जायचं. मुरशेतच्या अलीकडे एक तांबडं आहे ते फक्त बिस्किटासाठी भुंकतं.