गावात सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. बांधकामातली तेजी-मंदी आधी कशी ओळखावी?

गल्ल्यावरून ओळखायला जाल तर उशीर होईल. सिमेंटची विक्री हा शेवटचा टप्पा. आपल्या विदर्भात पहिला इशारा कापूस-सोयाबीनचा भाव देतो.

सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली की बाजार समितीतले भाव रोज वहीत लिहा. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,710 रुपये आणि सोयाबीनला 5,328 रुपये आहे. बाजार याच्या खाली रेंगाळला, तर शेतकरी आधी पीककर्ज फेडतो, मग लग्न उरकतो. स्लॅब पुढच्या वर्षावर जातो. उन्हाळ्यातली मंदी अशी दिवाळीतच दिसू लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हंगामाला तेजी-मंदीचं चक्र समजणं. पावसाळ्यात रेतीघाट बंद, काम थंड. ती मंदी नव्हे. म्हणून जानेवारीची तुलना मागच्या जानेवारीशीच करा. दर महिन्याला मागच्या 12 महिन्यांच्या पोत्यांची बेरीज मांडा. ती सलग चार-पाच महिने उतरत असेल, तर माल कमी भरा आणि उधारी आवरा. हे कळकळीनं सांगतो, कारण दुकानं मंदीपेक्षा अडकलेल्या उधारीनंच जास्त बुडतात.

घरकुलांचं गणित वेगळं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरामागे 1.20 लाख रुपयांचं मूळ अनुदान हप्त्यांनी मिळतं, त्यामुळे मंजूर यादी आणि सुटलेले हप्ते पंचायत समितीत विचारत राहा. कापूस पडला तरी ही मागणी टिकू शकते.

महामार्गाच्या कामानं आलेली तेजी मात्र कायमची धरू नका. काम संपलं की तीही संपते.